गाळाची पारख : माशाच्या गर्भावरून विषपरीक्षा

गाळ म्हणजे शेताचे खत, ही आपल्याकडील जुनी समजूत आहे आणि ती खोटी नाही. उन्हाळ्यात तळे आटले म्हणजे तळाची काळी माती गाड्या भरून वरकस जमिनीत घालावी, असे आपले वाडवडील करीत आले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतली, तिच्या मुळाशीही हाच विचार आहे. परंतु ज्या तळ्यात केवळ डोंगरउताराची माती धुपून येते त्याचा गाळ निराळा, आणि ज्या नाल्यात शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे धुवण व मोटारींचे तेल उतरते त्याचा गाळ निराळा. रंग दोहोंचा काळाच. नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. तो कोणत्या रीतीने ओळखता येतो, हा आजच्या पाठाचा विषय होय.

विषय आमच्या दाराशीच आहे. गोरेगावची ओशिवरा नदी आरेच्या डोंगरात उगम पावते. जेथे ती उगवते तेथे १९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. पुढे तबेले, लहानमोठे कारखाने व दाट वस्ती यांमधून वाट काढीत ही नदी मालाडच्या खाडीस मिळते, आणि त्या खाडीचे मुख वेसाव्याच्या कोळीवाड्यापाशी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून पावसाळ्यापूर्वी नदीनाले उपसण्याच्या कामावर सर्वांचीच नजर असते. हा उपसलेला गाळ शहराबाहेरच्या जमिनींवर नेऊन टाकला जातो. ती जमीन कोणा तरी शेतकऱ्याची किंवा त्याच्या शेजाऱ्याची असते. फुकट आलेला गाळ खरोखर फुकट पडतो काय, हा प्रश्न म्हणूनच आपला आहे.

१. गाळात विष का साठते

शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, पारा हे धातू व तेलकट द्रव्ये पाण्यात फार काळ मोकळी राहत नाहीत. चिकणमातीचे बारीक कण व कुजलेला सेंद्रिय अंश त्यांना धरून ठेवतात आणि कणांबरोबर ती तळाशी बसतात. म्हणून वरचे पाणी निवळ दिसू लागले तरी खालचा गाळ मागील अनेक वर्षांचा हिशेब सांभाळून असतो. उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा साठल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केले आहे.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात धरावी. नाल्याच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तेथे गंधकाचा लोखंडाशी व इतर धातूंशी संयोग होऊन काळे सल्फाइड बनते. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच घडामोडीचा. या बंधनात असेपर्यंत धातू बव्हंशी निरुपद्रवी असतात. पण तोच गाळ शेतात पसरून वाळविला की हवा लागते, सल्फाइडपासून गंधकाम्ल बनते, आणि जमिनीत ते मारण्यापुरता चुना नसेल तर अडकलेले धातू सुटून मुळांच्या वाट्यास येतात. पाण्याखाली निजलेले विष आपण आपल्याच हाताने जागे करतो.

२. रसायनशाळा असता मासा कशाला ?

रसायनशाळा कोणता धातू किती आहे हे सांगते. परंतु त्यातील किती अंश सजीवाच्या देहात शिरू शकतो, आणि दहा विषे एकत्र आली म्हणजे त्यांचा मिळून परिणाम काय होतो, हे एकट्या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी सजीवाचीच साक्ष काढावी लागते. आपल्या कायद्यासही हे तत्त्व मान्य आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे निर्भेळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मात्र ही कसोटी पाण्याची आहे, गाळाची नव्हे.

मोठ्या माशांऐवजी त्यांचे गर्भ घेण्याची रीत पुढे जर्मनीत रुळली. या कामी येणारा झेब्रा मासा बोटाएवढाही नसतो, अंगावर निळे पट्टे असतात, आणि तो मूळचा आपल्याच देशाचा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. त्याची मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते. अंडे सुमारे एक मिलिमीटरचे व काचेसारखे पारदर्शक असल्याने आत गर्भ कसा वाढतो हे सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. एका दिवसात हृदय हलू लागते, दोन-तीन दिवसांत पिलू बाहेर पडते.

३. परीक्षेची रीत

प्रथम नमुना. नदीच्या एकाच जागेचा गाळ घेऊन साऱ्या नदीबद्दल निकाल देणे म्हणजे एका शेतावरून गावाची पैसेवारी काढण्यासारखे आहे. पुलाच्या वर व खाली, नाला मिळतो तेथे, आणि उगमाजवळ स्वच्छ जागी, अशा निरनिराळ्या ठिकाणांहून नमुने घ्यावेत. प्रत्येकावर जागा, तारीख, खोली व भरतीओहोटीची वेळ लिहावी. लेबल नसलेला नमुना हा सही नसलेल्या पंचनाम्यासारखा होय.

नंतर गाळ लहान काचपात्रांच्या तळाशी घालून वर स्वच्छ पाणी सोडतात व नुकतीच फळलेली अंडी गाळावर ठेवतात. फळल्यापासून तीन तासांच्या आत हे झाले पाहिजे. ही 'गाळस्पर्श' पद्धत हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनी नेकार नदीच्या गाळावर वापरून २००३ साली प्रसिद्ध केली. गाळ शुद्ध वाळूत मिसळून निम्मा, चौथाई, अष्टमांश असेही हप्ते करतात, म्हणजे किती विरळ केल्यावर विष निवते ते कळते. शेजारी नुसत्या वाळूवरही अंडी ठेवतात. ही तुलनेची पात्रे नसतील तर साऱ्या परीक्षेस अर्थ नाही.

पात्रे २६ अंश उष्णतेत ठेवून रोज पाहणी होते. पुढील चारांपैकी एक लक्षण दिसले तरी गर्भ मेला असे धरतात : अंडे गोठून पांढरे होणे, पाठीचे स्नायुखंड न बनणे, शेपटीचा अंकुर बलकापासून सुटा न होणे, व हृदयाचे ठोके न पडणे. ही चार लक्षणे व ९६ तासांची मुदत २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नमूद आहेत. तुलनेच्या पात्रांत दहा टक्क्यांहून अधिक गर्भ मेले तर ती परीक्षा रद्द समजतात.

हिशेबाचे एक उदाहरण देतो. वाळूवरील २० पैकी १ गर्भ मेला आणि गाळावरील २० पैकी ११ मेले. तो एक तर आपल्याच मरणाने मेला असता. म्हणून ११ मधून १ वजा करून १० उरले, त्यास उरलेल्या १९ ने भागले, म्हणजे गाळामुळे झालेली हानी सुमारे ५३ टक्के. ही वजावट अॅबट या कीटकशास्त्रज्ञाने १९२५ साली कीटकनाशकांसाठी सांगितली होती.

४. सावधगिरी

गाळावर प्राणवायू कमी पडूनही गर्भ मरतात. अमोनिया व सल्फाइड यांनीही मरतात. म्हणून पाण्यातील प्राणवायू, अमोनिया व आम्लता मोजल्यावाचून धातूंवर आरोप ठेवू नये. शिवाय झेब्रा मासा गोड्या पाण्याचा आहे. मालाडच्या खाडीचा खारा गाळ त्याच्यापुढे ठेवला तर मीठच त्याला मारील. खाडीसाठी निमखाऱ्या पाण्यात राहणारा ओरायझियास जातीचा मासा योग्य. या नावाचे मूळ भाताच्या शास्त्रीय नावात आहे, कारण त्याचे भाऊबंद भातखाचरांत राहतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे : गर्भ जगला म्हणून गाळ शेतास निर्धोक ठरत नाही. जपानात जिंझू नदीकाठी खाणीचे कॅडमियम पाटाच्या पाण्यातून भातखाचरांत उतरले. भात उगवत होते, लोक ते खात होते, आणि वर्षानुवर्षांनी त्यांची हाडे ठिसूळ झाली. हा रोग प्रदूषणाचा असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. असे सावकाश चढणारे विष चार दिवसांच्या परीक्षेत सापडत नाही. तेथे रसायनशाळाच हवी. दोन्ही साक्षी मिळाल्या तरच निकाल पुरा.

५. शेतकऱ्याने काय करावे

घरी झेब्रा मासे पाळणे शक्य नाही. पण परीक्षेचे तत्त्व घरी आणता येते. तीन कुंड्या घ्याव्यात : एकीत आपल्या शेताची माती, दुसरीत आलेला गाळ, तिसरीत निम्मेनिम्म. प्रत्येकीत मुगाचे वीस दाणे पेरून सारखेच पाणी द्यावे. सात दिवसांनी उगवलेली रोपे मोजावीत व मुळे धुऊन त्यांची लांबी पाहावी. गाळातील रोपे कमी किंवा मुळे आखूड व तपकिरी असतील, तर दोष मिठाचा असो वा विषाचा, तो गाळ शेतात घालू नये. रोपे चांगली आली तरी गाळ शहरी नाल्याचा असल्यास धातूंची तपासणी झाल्यावाचून भाजीपाला व भाताच्या जमिनीत तो पसरू नये, मत्स्यतळ्याच्या बांधासही लावू नये. गाळ कोठून आला हे आणणाऱ्याकडून लेखी घ्यावे. जो सांगण्यास कचरतो त्याची गाडी परत पाठवावी.

खत चुकले तर एक हंगाम जातो. धातू जमिनीत शिरले तर ते पुढच्या पिढीच्या सातबाऱ्याबरोबर चालत जातात. मिलिमीटरभर अंड्यातील एक ठोका थांबतो, तो आपल्याला वेळीच दिलेला इशारा आहे. तो ऐकण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढीच शेतकरी बंधुभगिनींस विनंती.