आधी बेट, मग शहर

शेवटच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गोळ्यांचा डबा उघडला, तर त्यात फक्त त्या दिवसाच्या गोळ्या उरल्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वाऱ्याने मोडलेल्या झावळ्या अंगणात येऊन पडत होत्या. कॉटेजचे मालक पायरीवर उभे राहून सांगत होते, “आज समंदर बंद है.” बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता, एकही बोट सुटणार नव्हती. आमचं विमान दुपारचं होतं आणि आमच्यात नि विमानतळात सुमारे ४० किलोमीटर समुद्र होता. आईंना स्टेंट बसवून जेमतेम आठ महिने झाले होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ही गोष्ट अंदमानातल्या नील बेटावरची आहे. ३० डिसेंबर २०१८ पासून त्याचं अधिकृत नाव शहीद द्वीप आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पुण्यातली पुष्कळ घरं अंदमानला जातात ती मुळात सेल्युलर जेलसाठी. आईंचीही तीच इच्छा होती. सावरकरांच्या कोठडीसमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. त्यानंतर मात्र आम्हाला काही बघायचं नव्हतं, नुसतं शांत राहायचं होतं. कोथरूडच्या आमच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत वाहनं थांबत नाहीत. म्हणून गर्दीपासून लांब, नारळी-पोफळीत चार-पाच कॉटेजेस असलेली जागा निवडली. ती खरोखर सुंदर होती. बांबूच्या भिंती, पुढे छोटा व्हरांडा, दोन मिनिटांवर पांढरी वाळू. रात्री फक्त बेडूक आणि लाटा ऐकू यायच्या. आई म्हणाल्या, “किती वर्षांनी अशी झोप लागली गं!”

चूक जागेत नव्हती, आखणीत होती. आधी पोर्ट ब्लेअर शहर, मग हॅवलॉक, शेवटी निवांतपणा म्हणून नील, आणि निघायच्या दिवशी सकाळची बोट नि दुपारचं विमान असं सगळं चपखल बसवलं होतं. पुण्यातल्या टूरवाल्यांना मी विचारलंही होतं, “बोट सुटली नाही तर?” “सुटतेच,” ते म्हणाले. मी तेवढ्यावर समाधान मानलं. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कोरडी, सुखाची थंडी. पण बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे दिवस असतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान खात्यावरून, मी रोज जाते. दरवर्षी मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी वाचून आपण खूश होतो. त्या बातमीमागचा समुद्र कसा असतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

बोटी दोन दिवस बंद राहिल्या. विमान चुकलं. चेन्नई-पुणे तिकीट वेगळ्या कंपनीचं आणि वेगळं काढलेलं असल्यामुळे तेही बुडालं. पैशांचं दुःख आवरता येतं, पण आईंच्या डब्याकडे बघवत नव्हतं. भाड्याच्या गाडीतून आम्ही बेटावरच्या आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, “औषधाचं नाव?” आमच्याकडे उत्तर होतं, “सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी.” चिठ्ठीचा फोटो होता, पण तो फोनमध्ये नव्हता, इंटरनेटवर साठवलेला होता. आणि आदल्या रात्रीपासून नेटवर्क नव्हतं. शेवटी आईंच्या पर्समध्ये दुमडलेलं जुनं वेष्टन सापडलं, त्यावर औषधाचं नाव होतं. डॉक्टरांनी खटपट करून तीन दिवसांच्या गोळ्या जमवून दिल्या. मी तिथेच बाकावर बसून रडले. ते वेष्टन आईंनी कचऱ्यात टाकलं असतं तर काय झालं असतं, हे आजही मनातून जात नाही.

खोलीच्या वाढीव भाड्यासाठीही रोख पुरेना आणि फोनवरून पैसे जाईनात. मालकांनी हिशेब कागदावर लिहून माझ्या हातात दिला नि म्हणाले, घरी पोहोचल्यावर पाठवा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी ही बेटं वसवली, त्यातलंच त्यांचं घर. वाट बघणं त्यांना नवीन नव्हतं.

आमच्यावर आलेली वेळ काही जगावेगळी नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ चक्रीवादळ आकार घेत असताना हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. बेटावरची शांतता अंतरामुळे असते, आणि त्याच अंतरामुळे तिथे औषध, पैसा, मदत काहीच लगोलग पोहोचत नाही. हे मनात धरून आखणी केली, तर अशी जागा म्हणजे खरंच सुख आहे. तिकडे जायला निघालेल्यांना म्हणून मनापासून काही सांगते.

क्रम उलटा करा. आधी दूरचं बेट, मग शहर. विमानाच्या आधीची निदान एक रात्र, जमल्यास दोन, पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममध्ये काढा. सेल्युलर जेल या शेवटच्या दिवसांसाठी ठेवा. बोट वेळेवर सुटली तर तो दिवस बघण्यात जाईल, नाही सुटली तर तोच दिवस वाचवेल. परतीचा सगळा विमानप्रवास एकाच तिकिटावर घ्या. प्रवासविमा घेताना हवामानामुळे बोट रद्द होऊन विमान चुकलं तर भरपाई मिळते का, ते वाचून घ्या.

रोजची औषधं जितके दिवस राहणार त्याच्या दुप्पट न्या, निम्मी एका पिशवीत, निम्मी दुसऱ्या. डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर हवी, आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. हृदयविकार, मधुमेह, दमा असलेलं माणूस बरोबर असेल, तर आरोग्य केंद्र कॉटेजपासून किती लांब आहे आणि रात्री गाडी मिळते का, हे खोली ठरवण्याआधी विचारा.

रोख रक्कम दोन जादा दिवस पुरेल इतकी वेगळी ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्रतळातून केबल आल्यापासून अंदमानातलं इंटरनेट सुधारलं आहे, पण वादळात वीज गेली की छोट्या बेटावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिकिटं, पत्ते, फोन नंबर कागदावर लिहून न्या.

खोलीचे फोटो बघून भुलू नका, प्रश्न विचारा. रस्त्यापासून कॉटेजपर्यंत वाळूतून किती चालावं लागतं? पायऱ्या किती? वीज गेल्यावर जनरेटर आहे का? नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्याच्या जवळजवळ तासभर आधी. सहा वाजता मिट्ट काळोख असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या काळोखात वाळूची वाट फार लांब वाटते. आम्ही एकच बॅटरी नेली होती. प्रत्येकाला एक हवी.

समुद्राच्या वेळाही विचारून घ्या. ओहोटीला नीलच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक उघडे पडतात, पाय कापतात, पोहता येत नाही. कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ हा भरतीचा आडाखा तिथे चालत नाही, त्या किनाऱ्याच्या वेळा वेगळ्या. कॉटेजमधली माणसं नेमकं सांगतात. आणि कितीही मोह झाला तरी प्रवाळाचा तुकडा उचलू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

निघण्याआधी आठवडाभर हवामान खात्याचा अंदाज रोज बघा, अंदमानचा आणि समुद्राचा. कमी दाबाचा पट्टा तयार होतोय असं दिसलं, तर बेटावर जाण्याऐवजी शहरात थांबा. हा एक निर्णय तुमच्या हातात असतो. बोट बंद झाल्यावर हातात काहीच राहत नाही.

या फेब्रुवारीत आम्ही त्याच कॉटेजला पुन्हा जाणार आहोत. आईंनीच हट्ट धरला आहे. गोळ्यांचे दोन डबे त्यांनी स्वतः भरले, औषधांची नावं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून एक प्रत माझ्या पर्समध्ये घातली. मग तिकिटं बघायला मागितली आणि बोटाने तारखा मोजत म्हणाल्या, “अगं, नील आधी आहे ना? मग मी येते.”