परक्या मुलखात उद्योग : बंगळूरचे उदाहरण

उष्ण कटिबंधातील एखाद्या विकसनशील देशात उद्योग काढावा की नाही, याचा विचार करणारा परदेशी उद्योजक कशाकशाची पारख करत असेल? 'तेथे मजुरी स्वस्त असते', हे उत्तर आपल्या ओठांवर चटकन येते. ते खोटे नाही. पण फार अपुरे आहे. बंगळूरचा इतिहास पाहिला, की हे ध्यानात येते.

१९३९ साली सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांची विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉलींचा चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना होता. असा कारखाना भारतात का निघू नये, या विचाराने वालचंदांना झपाटले. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी ही संधी ओळखली. संस्थानाने बंगळूरला जमीन दिली, वर २५ लाख रुपयांचे भांडवलही गुंतवले. डिसेंबर १९४० मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी येथे जुळवलेले पहिले प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले.

बंगळूरमध्ये असे काय होते? विषुववृत्तापासून हे शहर जेमतेम १३ अंशांवर आहे. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने येथील हवा सौम्य. शिवनसमुद्रची जलविद्युत १९०५ सालीच शहरात पोहोचली होती. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून साकारलेली भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासून येथे उभी होती. म्हणजे हवा निसर्गाने दिली. वीज आणि विद्या मात्र माणसांनी आधी कष्टाने उभी केली होती. माझ्या मते, खरी मेख येथेच आहे.

मात्र पारड्यात दुसरी बाजूही टाकली पाहिजे. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाचे सावट पडले आणि सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. युद्धाची निकड खरी होती. पण ज्याने स्वप्न पाहिले, त्याच्या हातून ते निसटले. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी मालकीवर मर्यादा आणली, तेव्हा आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. कायदा बदलेल का, ही भीती उद्योजकाला उन्हापेक्षा अधिक जाचते.

तरीही १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली. तिला हवे होते कुशल अभियंते आणि अमेरिकेशी थेट उपग्रह-संपर्क. सरकारने तशी परवानगी दिली. १९९१ च्या उदारीकरणानंतर तर परदेशी कंपन्यांची रीघच लागली.

आता यजमानाच्या बाजूनेही पाहू या. बंगळूरजवळ मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तेही जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या आणि लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. पाहुण्याला जागा देताना घरच्यांच्या घागरीचा हिशेब कोणी मांडायचा?

विचार करून लिहा : तुमच्या तालुक्यात परदेशी कारखाना येणार असेल, तर ग्रामसभेत तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल? प्रत्येकाचे कारण द्या.