आंत्रपुच्छछेदन आणि पक्वाशयाचे स्वास्थ्य
सुश्रुताचार्यांनी पुरीषधरा कलेचे मलविभाजनाचे कार्य उंडुकाच्या ठायी सांगितले आहे. आंत्रपुच्छ याच उंडुकाला जोडलेले असते. ते उपकारक जीवाणूंचे आश्रयस्थान असावे, असे मत ड्यूक विद्यापीठातील बोलिंजर, पार्कर आदी संशोधकांनी २००७ मध्ये मांडले. तथापि छेदनानंतर बहुतेक रुग्णांचे पचन प्राकृत राहते. म्हणून तीव्र शोथात शल्यचिकित्सा टाळण्यास आम्ही हे कारण मानत नाही.

दीर्घकालीन धोका निराळा आहे. शस्त्रकर्मानंतर अनेक वर्षांनीही आतडी परस्परांस चिकटून मार्ग अडू शकतो. शूल, आध्मान, छर्दी व वात-मलावरोध एकत्र दिसल्यास विरेचन वा बस्ती न योजता रुग्णास तत्काळ शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. शोधनापूर्वी पूर्वशस्त्रकर्माची पृच्छा अवश्य करावी, असे आम्ही सुचवितो.