दात वाळवावा, पण किती?

किडलेला दात साफ करून त्यात दाताच्याच रंगाचा मसाला भरण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावीही रुळली आहे. लोक त्याला ‘सिमेंट’ म्हणतात, दवाखान्यात कॉम्पोझिट म्हणतात. चांदी खड्ड्यात नुसती अडकून बसते. कॉम्पोझिट मात्र दाताला चिकटवावे लागते. खुर्चीवरचा रुग्ण आरशात पाहून म्हणतो, “डॉक्टर, दात अजून ओला दिसतोय, नीट वाळवा की!” शंका रास्त आहे. सायकलचे पंक्चर काढणारासुद्धा ठिगळ लावण्याआधी ट्यूब पुसून कोरडी करतो. मग दाताला निराळा नियम का?

दाताचे वरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, पाणी नाममात्र. त्यावर सौम्य आम्ल लावून ते खरखरीत केले की मसाला घट्ट धरतो, हे अमेरिकेतील डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवले. इथे कोरडेपणा चालतो.

पण कीड खोल गेली की गाठ पडते ती आतल्या डेंटिनशी. त्यात वजनाने खनिज ७० टक्के, कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू वगैरे २० टक्के आणि पाणी सुमारे १० टक्के. दाताच्या नसेपासून निघालेल्या हजारो सूक्ष्म नळ्या त्यातून जातात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाण्याने कळ येते, ती हा द्रव हलल्यामुळेच. म्हणजे डेंटिन मुळातच ओले आहे.

आम्ल लावल्यावर डेंटिनच्या पृष्ठभागावरचे खनिज विरघळते आणि मागे उरते कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे. विहिरीतले शेवाळ पाण्यात असते तोवर छान पसरलेले असते. बाहेर काढले की त्याचा चिकट गोळा होतो. या जाळ्याचेही तसेच. पाण्यानेच ते उभे राहते. हवेच्या झोताने खडखडीत वाळवले की ते खाली बसते, चिकटवणारे औषध आत शिरत नाही, आणि भरलेला दात चावताना दुखू लागतो. हे औषध जाळ्यात मुरून दाताशी एकजीव थर बनवते, असे जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले होते. डेंटिन किंचित ओले ठेवल्यास पकड वाढते, हे अमेरिकेच्या जॉन कांका यांनी १९९२ साली मांडले.

किंचित म्हणजे किती? पृष्ठभाग चकाकावा, पण पाणी साचू नये. औषधातील ॲसिटोन किंवा अल्कोहोल उरलेले पाणी उडवून नेते. पाणी जास्त राहिले तर तेही घातकच, कारण जोडात अडकलेले पाणी पुढे वर्षानुवर्षे तो जोड आतून कमकुवत करत राहते. डेंटिनमधली विकरे उघड्या तंतूंना कुरतडतात, त्यांनाही पाणी लागतेच. कॉम्पोझिट जन्मभर टिकत नाही, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. काही नव्या औषधांत वेगळे आम्ल लावून धुवावे लागत नाही. पण त्यांच्या बाटलीतच पाणी घातलेले असते, कारण त्यातले आम्ल पाण्याशिवाय काम करत नाही!

ही ओल दाताची स्वतःची किंवा स्वच्छ पाण्याची हवी. लाळ आणि रक्त मुळीच चालत नाही. त्यातली प्रथिने दातावर बसतात आणि जोड बिघडतो. म्हणून तर कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी, कधी रबराचा पडदा. आपण मध्येच तोंड मिटले, जीभ लावली किंवा चूळ भरली तर डॉक्टरांना आम्ल लावण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. तोंड भरून आले असेल तर हात वर करून खूण करावी. भरल्यानंतर काही दिवस थंड लागणे सहसा आपोआप थांबते. दोन आठवड्यांनंतरही चावताना कळ येत असेल, किंवा रात्री ठणका लागून झोपमोड होत असेल, तर लवंगेचे तेल लावत न बसता दात पुन्हा दाखवावा.