वॉसन शिखराच्या वाटेवर

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे ढीग उभे राहतात. माझीही कल्पना तीच होती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरी पुतण्याकडे गेलो असता आम्ही मे महिन्यात वॉसन शिखराची वाट धरली, तेव्हा ती पार पुसली गेली. शिखराची उंची १,४२९ मीटर. किंग कॅनियनच्या बाजूने जाऊन-येऊन सुमारे ११ किलोमीटरांची चाल. वाटेवर प्यायला पाणी कोठेही नाही.

उजाडताच निघालो. दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंगांचे रानच. उंची बारा मीटर आणि त्याहूनही अधिक. पहिली फांदी फुटायलाच बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. खोडावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की मुळे पाणी शोषतात, चुण्या उलगडून खोड फुगते. पुढे ते हळूहळू आकसते. तेथे हिवाळ्यात आणि जुलै ते सप्टेंबर असा दोनदा पाऊस येतो. गंमत म्हणजे उन्हाळी पावसाला तेथेही 'मान्सून'च म्हणतात.

दहाच्या सुमारास आमचे निम्मे पाणी संपले. शिखर समोर दिसत होते.

"काका, आता मागे फिरू," पुतण्या म्हणाला. मला ते पटेना. तेव्हा तो हसून म्हणाला, "ही झाडं दिवसा तोंड मिटून बसतात, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

टोला बरोबर लागला. बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याबरोबर बाष्पही निसटते. निवडुंग मात्र रंध्रे रात्री उघडतो, तो वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा दारे लावून त्याची साखर करतो. आपल्या अंगणातील पानफुटीही हेच करते. तिची पाने सकाळी आंबट लागतात व दिवस चढेल तसा तो आंबटपणा जातो, असे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने यांनी लिहिले. ते पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी चव न घेता, सकाळी व संध्याकाळी पानांचा रस काढून प्रयोगशाळेत आम्लता मोजून पाहावी.

आणखी एक. आपल्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग सग्वारोचा नातलग नव्हे. तो चिकाचा, एरंडाच्या कुळातला. खरा नातलग फड्या निवडुंग, आणि तो मूळचा अमेरिकेचाच. अडचण सारखी, म्हणून रूप सारखे.

आम्ही परतलो. शिखर राहिले. गाडीपाशी आलो तेव्हा बाटलीत दोनच घोट उरले होते. पुतण्याचे ऐकले नसते तर काय झाले असते, हा हिशेब मी वर्गात नेहमी सांगतो.