मुलांची वाढ आणि चिमूटभर मीठ



आमच्या बाई वर्गात सगळ्यांची उंची आणि वजन मोजून तक्त्यात लिहितात. यंदा मी विचारले, "बाई, उंची कशाने वाढते?" बाई म्हणाल्या, "पोटभर चांगल्या जेवणाने, आणि शरीरातल्या ग्रंथींमुळे." मग त्यांनी जी माहिती सांगितली ती मी लिहीत आहे.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा आकार फुलपाखरासारखा असतो. ती एक रस तयार करते. त्याला संप्रेरक म्हणतात. तो रक्तात मिसळून अंगभर जातो. त्यामुळे हाडे वाढतात, मेंदूची वाढ होते आणि अंगात ऊब राहते. हा रस बनवायला आयोडिन लागते. आयोडिन कमी पडले की ग्रंथी फुगते आणि गळा सुजतो. त्याला गलगंड म्हणतात.

गलगंड डोळ्यांना दिसतो. पण न दिसणारे नुकसान जास्त वाईट असते. बाळ पोटात असताना आईला आयोडिन फारच कमी मिळाले, तर बाळाच्या मेंदूची वाढ नीट होत नाही. काही मुलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. काही ठेंगणी राहतात. हे नंतर औषधाने पूर्ण भरून निघत नाही.

हिमालयात हा आजार पुष्कळ होता. तिथल्या मातीतले आयोडिन पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने वाहून गेलेले असते. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, आणि धान्यात नाही म्हणून माणसांतही नाही.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी यावर संशोधन केले. त्यांचा जन्म 1921 साली आंध्रातल्या श्रीकाकुलम येथे झाला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली कांगडा खोऱ्यात काम सुरू केले. हे खोरे आता हिमाचल प्रदेशात आहे. तिथे शंभरातल्या सुमारे चाळीस जणांना गलगंड होता. त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. अ आणि क भागांत आयोडिन घातलेले मीठ दिले. ब भागात साधे मीठ दिले. मीठच का निवडले? कारण गरीब असो की श्रीमंत, मीठ सगळेच रोज खातात.

सहा वर्षांनी पुन्हा गळे तपासले. अ आणि क भागांत गलगंड निम्म्याहून कमी किंवा निम्म्यावर आला होता. ब भागात मात्र तो होता तेवढाच राहिला.

मला ब भागातल्या मुलांचे वाईट वाटले. मी विचारले, "बाई, त्यांना का नाही दिले?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांना दिले असते तर फरक मिठामुळेच पडला हे कसे कळले असते?" नंतर ब भागालाही ते मीठ दिले, आणि 1968 पर्यंत तिथलाही गलगंड खूप कमी झाला. तरी मला वाटते, ती सहा वर्षे त्या मुलांनी आपल्या सगळ्यांसाठी दिली.

1962 साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडिनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. डॉ. रामलिंगस्वामी 2001 साली वारले.

मला वाटायचे, मीठ समुद्राचे, म्हणजे त्यात आयोडिन असणारच. पण साध्या मिठात ते फारच थोडे असते. माणसाला जन्मभरात चमचाभरसुद्धा आयोडिन लागत नाही, पण ते रोज थोडे थोडे मिळावे लागते.

हे मी घरी सांगितले. आजी म्हणाली, "आमचा जल्म खडेमिठावर गेला, काय झालं आम्हाला?" मी म्हटले, "आजी, तू मोठी झालीस. मला अजून वाढायचंय." आजी हसली. आमची मिठाची बरणी चुलीजवळ उघडीच असायची. आता आईने तिला झाकण लावले आहे. लोणच्याला मात्र आजी अजून खडेमीठच घालते.

पालकांनो, पुडीवर 'आयोडिनयुक्त' लिहिलेले पाहून मीठ घ्या. ते ओल आणि उष्णतेपासून दूर, झाकून ठेवा. भाजी शिजत आल्यावर मीठ घाला. पण जास्त खाऊ नका, चिमूटभरच पुरे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी