जुन्या जीप-पिकअपचे टायमिंग खुणेवर कसे लावावे



ऊस विकास विभागाचे पान आणि विषय इंजिनाचा, हे पाहून काहींना नवल वाटेल. पण परवा गटात फिरताना एक सभासद मनगट प्लास्टरमध्ये घालून बेणे मोजून घेताना दिसले. जुनी पेट्रोल जीप-पिकअप, बॅटरी उतरलेली, म्हणून त्यांनी हँडल मारले आणि हँडल उलटे फिरले. ते म्हणाले, "गाडीच खोडील आहे." आम्ही पाहिले तर गाडी बिचारी ठीक होती. गाडी जरा पळावी म्हणून कोणीतरी डेल्को (डिस्ट्रिब्युटर) फिरवून टायमिंग फारच ॲडव्हान्स करून ठेवले होते.

टायमिंग म्हणजे काय? पिस्टन वर येऊन पेट्रोलची वाफ दाबतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. वाफ एकदम पेटत नाही, तिला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्याला पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी द्यावी लागते. महिंद्रच्या जुन्या जीपगाड्यांत जे चार सिलिंडरचे, सुमारे 2200 सी. सी. चे हरिकेन इंजिन असे, त्यात हा 'आधी' 5 अंशांचा आहे. इंजिन मिनिटाला 600 फेऱ्या फिरते तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक साडेतीन अंशांहून थोडा जास्त सरकतो. 3000 फेऱ्यांना तेवढ्याच वेळात 18 अंश. ही वाढीव घाई डेल्कोतली वजने आपोआप करतात. आपण फक्त सुरुवातीचे 5 अंश नीट द्यायचे.

ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो. हँडलही त्यामुळेच उलटे मारते. फार उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, पेट्रोल खाते, रेडिएटर उकळतो. लवकर तोडलेला ऊस आणि वाळत ठेवलेला ऊस, दोन्हींत उतारा जातो, तसेच हे.

आता मुख्य गोष्ट. आमचे जुने मिस्त्री टायमिंग कानाने लावत. खडखड ऐकू येईपर्यंत ॲडव्हान्स करायचे, मग जरा मागे घ्यायचे. त्या काळच्या पेट्रोलला ते चालून गेले. परंतु 2025 सालापर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आले. ते आपल्याच उसाच्या मळीचे आणि रसाचेही आहे, याचा आनंदच आहे. मात्र इथेनॉल सहजी खडखडू देत नाही, आणि या इंजिनाचे कॉम्प्रेशन अवघे 7 ला 1 च्या आसपास. त्यामुळे टायमिंग फार पुढे गेले तरी कानाला काही कळत नाही. कळते ते हँडलला हात लावल्यावर!

म्हणून खूण आणि बल्ब. आधी सीबी पॉइंट पाहा. जळके असतील तर बदला. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणून फिलर गेजने 20 थाऊ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, फट ठेवा. हे आधीच करायचे, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. टायमिंग लावून मग पॉइंट घासत बसणाऱ्याची सगळी मेहनत फुकट जाते.

मग स्विच बंद ठेवून रेडिएटरकडचा पहिला प्लग काढा, भोकावर अंगठा धरा आणि दुसऱ्याला हँडल सावकाश फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन आले. पुलीवरची खूण 5 अंशांच्या रेषेशी आणून थांबा. काही जुन्या गाड्यांत ही खूण फ्लायव्हीलवर असते, ती क्लच हाऊसिंगच्या भोकातून दिसते. कापडाने पुसा, खडूने पांढरी करा. खूण प्रत्येक फेरीत येते, कॉम्प्रेशन मात्र एक फेरी सोडून. अंगठा न धरता नुसती खूण जुळवली आणि नेमकी चुकीची फेरी निघाली, तर कार्बोरेटरमधून भडका येतो.

आता हँडल काढून ठेवा. गाडीच्या व्होल्टेजचा बल्ब घेऊन एक तार डेल्कोच्या बारीक तारेच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावा आणि स्विच चालू करा. पॉइंट मिटलेले तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डेल्कोचा क्लॅम्प सैल करून, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला बॉडी बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेला अगदी हळू, बल्ब जेमतेम पेटेपर्यंत. तिथेच पान्याने आवळा आणि स्विच बंद करा. आवळताना बॉडी सरकते, म्हणून इंजिन हाताने पुन्हा एकदा फिरवून खुणेवरच बल्ब पेटतो का ते पाहा. ही पायरी आम्ही स्वतः एकदा गाळली होती आणि तळ्याच्या चढावर गाडी ढकलली होती. प्लगच्या तारांचा क्रम 1-3-4-2.

शेवटी भरल्या गाडीनिशी चढावर चालवून पाहा. गाडी नीट ओढते आणि रेडिएटर शांत राहतो तर काम झाले. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होऊन टायमिंग आपोआप मागे पडते, तेव्हा मधूनमधून गेज घालत जा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होऊ शकतो. ओल दिसली की लगेच बदला.

आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत आवळू नका. खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका.